बार्सिलोनात एकाच टेबलावर सुशी आणि तापास : आई-बाबांना घेऊन गेलो त्याची गोष्ट

समुद्रफेस

नमस्कार मंडळी, चार वर्षं झाली कामानिमित्त बार्सिलोनात राहतोय, या संस्थळावर वाचतो खूप, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय. आई-बाबा दीड महिन्यासाठी आलेत. बाबा रत्नागिरीचे, त्यांना मासा दाखवला की दिवस चांगला जातो. आई साताऱ्याकडच्या माळकरी घरातली, मासा-मटण सोडाच, अंडंही चालत नाही. तर या दोघांना एकाच ठिकाणी पोटभर आणि आनंदानं जेवता येईल असं हॉटेल शोधताना घराजवळचं एक छोटं ठिकाण सापडलं, अर्धा मेनू जपानी आणि अर्धा स्पॅनिश तापास, म्हणजे छोट्या छोट्या बशांतले पदार्थ. एकूण अठरा-वीस पदार्थ, बस्स.

खरं सांगतो, जाताना धाकधूक होती, कारण त्याच्या आधल्या आठवड्यात एक वाईट अनुभव आला होता. दुसऱ्याच एका हॉटेलात मी 'शाकाहारी आहे' असं चांगलं दोनदा सांगून आईसाठी तळलेलं तोफू मागवलं, वेटरनं हो हो म्हटलं, तोफू आलं, आईनं एक घास खाल्ला आणि मग वरती हलणारे ते पातळ तपकिरी पापुद्रे बघून मला शंका आली. तो वाळवलेल्या माशाचा कीस होता, आणि खालचा रस्साही माशाच्याच दाशीचा, म्हणजे जपानी अर्काच्या पाण्याचा. आई काही बोलली नाही, पाणी प्यायली आणि घरी येऊन आंघोळ केली. मला रात्रभर झोप नाही लागली. म्हणून यावेळी आधी फोन केला, काय काय चालत नाही ते एकेक करून लिहून पाठवलं, आणि त्यांनी उलट फोन करून सांगितलं की टेम्पुरा आम्ही अंड्याशिवाय करू पण तेल कोळंबी तळतो तेच आहे, तेव्हा आईंना तो देऊ नका. एवढं ऐकल्यावर मी निश्चिंत झालो. जो स्वतःहून 'हे नका घेऊ' सांगतो त्याच्याकडे खुशाल जावं.

वेळ दुपारी दीडची घेतली, कारण इथे रात्रीचं किचन साडेआठ-नऊशिवाय सुरू होत नाही आणि बाबांची शुगरची गोळी असते. काउंटरलाच बसलो. समोर आचारी तुनाचा पोटाकडचा तुकडा कापत होता, गुलाबी, मध्ये पांढऱ्या चरबीच्या रेघा. बाबा खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. म्हणाले, "सुरीला धार एकाच बाजूनं आहे बघ. आणि दाबत नाहीये तो, ओढतोय. एका ओढीत तुकडा." प्रत्येक तुकड्यानंतर पातं ओल्या फडक्यानं पुसायचा. मग भाताचा लहानसा गोळा बोटांवर दोन-तीनदा वळवला, वर मासा, आणि त्यावर सोया सॉसऐवजी किसलेल्या टोमॅटोचा गर, ऑलिव्ह ऑइलचे दोन थेंब आणि जाड मीठ. म्हणजे इथला रोजचा पान कोन तोमाते, फक्त पावाच्या जागी सुशीचा भात! बाबांनी काट्याकडे हात नेला तर आचाऱ्यानं हातानं खा अशी खूण केली. हातानं खायचंय म्हटल्यावर बाबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. तोंडात टाकल्यावर काहीच बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "आपला गेदर असा कधी खाल्ला नाही रे. भात कोमट आहे."

आईसाठी पाद्रोनच्या मिरच्या आल्या, तेलात फोड येईपर्यंत परतलेल्या, वर खडेमीठ. पान कोन तोमाते आलं. आणि दोन प्रकारची वांगी शेजारी शेजारी. एक कातालान एस्कालिवादा, म्हणजे वांगं आणि लाल ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजून, साल काढून, तेल-मीठ घालून. दुसरं जपानी, अर्ध्या कापलेल्या वांग्यावर गोडसर मिसोचा लेप लावून भाजलेलं. आईनं पहिलं खाऊन सांगितलं, "हे भरीतच आहे, फोडणी तेवढी राहिली." दुसरं मात्र चमच्यानं खरवडून सालीपर्यंत संपवलं आणि मिसो कशाचा करतात ते विचारून घेतलं. सोयाबीन आंबवून, कळल्यावर म्हणाली की मग घरी आणूया.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात हे दोन देश एका मेनूत घालणं म्हणजे फॅशन आहे. मला तिथे बसून तसं अजिबात वाटलं नाही. जपानमध्ये इझाकाया म्हणजे पिण्याखाण्याचे अड्डे, इथे तापास बार, दोन्हीकडे एकेक छोटी बशी मधे ठेवायची, सगळ्यांनी त्यातलं घ्यायचं, गप्पा मारत दोन तास काढायचे. दोन्हीकडे समुद्र, तांदूळ, मीठ आणि आंबट यावर सगळं उभं आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणी असं जेवलंय का?

भाकरतुकडा

छान लिहिलंय, बाबांचं वर्णन तर फारच. पण मी असहमत. माझ्या अनुभवात एका किचनमधून दोन देश बाहेर आले की दोन्ही अर्धवट असतात. आमच्याकडे पुण्यात एका ठिकाणी (नाव नको) सुशीवर चीज, सुशीवर मेयोनेज, आणि पातातास ब्रावास (तिखट सॉसचे स्पॅनिश बटाटे) म्हणून फ्रेंच फ्राइजवर शेजवान सॉस. भात फ्रीजमधला, दगडासारखा. चौघांचं बिल साडेसहा हजार. त्यापेक्षा एकच गोष्ट नीट करणाऱ्याकडे जावं.

ओसाकाकर

मी नावाप्रमाणे ओसाकात, नऊ वर्षं. समुद्रफेस, तुमचे बाबा भात कोमट म्हणाले ना, तिथेच मला कळलं की जागा चांगली आहे. सुशीचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असावा लागतो, गार भात म्हणजे कुणीतरी सकाळी करून ठेवलाय. भाकरतुकडा यांचं दुःख बरोबर आहे पण दोष दोन देश एकत्र आल्याचा नाही, भाताचा आहे.

बाकी इझाकाया आणि तापासची तुलना पटली. एक फरक सांगतो. इझाकायात बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी येते, ओतोशी म्हणतात, तिचे पैसे बिलात लागतात आणि नवीन माणूस भांडतो. स्पेनमध्ये ग्रानादाला उलटं आहे, पेय मागवलं की तापा फुकट. मी तिथे गेलो होतो तेव्हा तीन ग्लासांत जेवण झालं होतं.

आणि त्या पाद्रोनच्या मिरच्या! आमच्याकडे तशीच शिशितो मिरची मिळते, तीही अशीच फोड येईपर्यंत भाजतात, तीही बहुतेक गोडच असते आणि मधूनच एखादी तिखट निघते. फक्त आमच्याकडे वर माशाचा कीस टाकतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधीच नको म्हणून सांगायचं.

समुद्रफेस

@ओसाकाकर हो हो, पाद्रोनबद्दल इथे म्हणच आहे, काही तिखट काही नाही. आईला सातवी मिरची तिखट लागली आणि ती खूश झाली, म्हणाली आता जेवल्यासारखं वाटतंय.

@भाकरतुकडा तुमचं म्हणणं समजतं. मी आता तीन गोष्टी बघून जातो. मेनू लहान आहे ना, भात कोमट आहे ना, आणि क्रोकेता (तळलेलं स्पॅनिश कटलेट) आतून पातळ मऊ आहे की पिठाचा गोळा. या तिन्हीत पास झालं तर ते किचन कामचुकार नाही.

माद्रिदमुक्काम

या धाग्यावर लिहायलाच हवं. टोमॅटो लावलेल्या तुनाची ती कल्पना माद्रिदच्या काबुकी या हॉटेलातून लोकप्रिय झाली. रिकार्दो सान्झ या स्पॅनिश शेफनं तिथे जपानी पद्धत आणि स्पॅनिश माल अशी सांगड घातली, तुनाच्या पोटाच्या पातळ चकत्या आणि पान कोन तोमाते, किंवा लावा पक्ष्याचं तळलेलं अंडं भातावर ठेवून वर ट्रफल. आज स्पेनभर ज्या ठिकाणी असं काही मिळतं त्यातल्या निम्म्या ठिकाणी तरी त्याची छाया दिसते. आणि बार्सिलोनात असाल तर रावाल भागातलं दोस पालियोस हे हॉटेल माहीत असेलच, अल्बेर्त राउरिक, एल बुयी या गाजलेल्या हॉटेलाचा आधीचा मुख्य शेफ, त्यानं २००८ साली काढलं. नावच बघा, दोस म्हणजे दोन आणि पालियो म्हणजे तापासची दातकोरणीसारखी काडीही आणि चॉपस्टिकही. आशियाई पदार्थ तापाससारखे वाढायचे हा सगळा विचार त्या दोन शब्दांत आहे.

पण खरी गोष्ट मी पाहिली ती दक्षिणेला, काडिझ प्रांतात बारबातेला. तिथे आल्माद्राबा नावाची जाळ्यांची जुनी पद्धत आहे, फिनिशियन लोकांच्या काळापासूनची म्हणतात. कोनिल, बारबाते, साहारा आणि तारिफा, अशी चार ठिकाणं. अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात अंडी घालायला जाणारा ब्लूफिन तुना एप्रिल ते जूनच्या सुमारास किनाऱ्याजवळून जातो, दोन-दोनशे किलोचा मासा, आणि तो या उभ्या जाळ्यांच्या चक्रव्यूहात शिरतो. पूर्वी बराचसा डब्यात जायचा. मग जपानी व्यापारी आले, त्यांनी मासा कसा मारायचा, रक्त कसं काढायचं, उणे ६० अंशाला लगेच कसा गोठवायचा ते सगळं दाखवलं, आणि कितीतरी वर्षं तिथला बहुतेक उत्तम माल थेट जपानला जायचा. स्थानिक हॉटेलवाल्यांनाच मिळायचा नाही. आज स्पेनमध्ये तुना कच्चा खाल्ला जातो तो त्या व्यवहारातून शिकून. म्हणून म्हणतो की हे फ्यूजन कुणा शेफच्या डोक्यातून नाही आलं, बंदरावरून आलं.

मासा कापण्याला तिथे रोंकेओ म्हणतात. सुरी पाठीच्या कण्यावरून फिरते तेव्हा घोरल्यासारखा खर्रर्र आवाज येतो, त्यावरून ते नाव. मी दहा फुटांवर उभा होतो, तो आवाज अजून कानात आहे.

मांडवीकाठ

आहाहा. माद्रिदमुक्काम, मस्त माहिती. मी पणजीचा, आता गोव्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सेंट फ्रान्सिस झेवियर मूळचे नावार्राचे, म्हणजे आजच्या स्पेनचे. ते १५४९ च्या एप्रिलमध्ये गोव्यातून निघाले, मलाक्कामार्गे ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमाला पोचले. त्यांच्यासोबत आंजिरो नावाचा जपानी माणूस होता, जो जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजात शिकला होता. म्हणजे स्पेन आणि जपानची गाठ पडली ती आमच्या मांडवीच्या वाटेनं. त्याआधी १५४३ ला पोर्तुगीज तानेगाशिमा बेटावर पोचलेच होते.

आणि मग खाणं. टेम्पुरा हा शब्दच पोर्तुगीज मिशनऱ्यांच्या उपासाच्या दिवसांवरून आला असं मानतात, तेंपोरा, त्या दिवसांत मांस नाही, म्हणून भाजी आणि मासा पिठात बुडवून तळायचा. पोर्तुगालमध्ये अजून फरसबी पिठात घोळवून तळतात, त्याला 'बागेतले छोटे मासे' म्हणतात. आपली भजीच. पावाला जपानीत 'पान' म्हणतात, स्पॅनिशमध्येही पान, आपल्याकडे पोर्तुगीज पांववरून पाव. नागासाकीचा कास्तेला केक तर सरळ कास्तिया प्रांताच्या नावाचा. आमच्या घरात सकाळी पोदेर (पाववाला) पाव देऊन जातो तेव्हा मला हे सगळं आठवतं.

तिखटमीठ

व्वा काय धागा झालाय. वाचनखूण साठवली. समुद्रफेस, तुमच्या आईंची दोन वांगी वाचून राहवलं नाही. स्पॅनिश बेरेन्हेना हा शब्द अरबी बादिंजानवरून, तो फारसीवरून, आणि त्याच्या मुळाशी संस्कृत वातिंगण धरतात. आपलं वांगं त्याच वातिंगणाचं. म्हणजे तुमच्या आई परक्या देशात बसून माहेरचंच वांगं खात होत्या, एक पश्चिमेकडून फिरून आलेलं आणि एक पूर्वेकडून.

एक विचारायचंय. मला घरी करायचंय हे. माझ्याकडे आंबेमोहोर आहे आणि इंद्रायणी. सुशीचा भात कशाचा होईल? आणि बाजारातून सुरमई किंवा रावस आणून कच्चा वापरला तर चालेल का?

ओसाकाकर

@तिखटमीठ इंद्रायणी घ्या, तो चिकट असतो, आंबेमोहोरला वास सुंदर पण सुशीत तो वास व्हिनेगरशी भांडतो. पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा, शिजताना ढवळू नका. गरम असतानाच तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ एकत्र करून वरून शिंपडा आणि उलथन्यानं कापल्यासारखं हलवा, चेपू नका, दुसऱ्या हातानं पुठ्ठ्यानं वारा घाला. वाऱ्यानं भाताला चकाकी येते. आत काकडी, गाजर, परतलेलं वांगं काहीही.

मासा कच्चा अजिबात नको!! हात जोडून सांगतो. ताजा मासा म्हणजे कच्चा खाण्याजोगा मासा नव्हे.

माद्रिदमुक्काम

+१ ओसाकाकर. समुद्रातल्या माशांत आनिसाकिस नावाची अळी असते, पोटात गेली तर भयंकर कळा येतात. स्पेनमध्ये तर २००६ पासून कायदाच आहे, कच्चा किंवा नुसता व्हिनेगरमध्ये मुरवलेला मासा वाढायचा असेल तर हॉटेलवाल्यानं तो आधी निदान २४ तास उणे २० अंशाला किंवा त्याहून खाली गोठवलेला असला पाहिजे. व्हिनेगरनं अळी मरत नाही. इथे बोकेरोनेस म्हणून व्हिनेगरमधल्या छोट्या माशांचा तापा मिळतो, आपल्या मांदेलीचे भाऊबंद, त्यांनाही तोच नियम. घरी करायचं असेल तर पाच दिवस गोठवा असं इथलं सरकारी खातं सांगतं, आणि तेही फ्रीझर खरोखर उणे २० ला जात असेल तरच.

शाकाहारी_मुसाफिर

माझ्यासारख्यांसाठी हा धागा सोन्याचा आहे. मी जैन नाही पण घरचं वळण कडक आहे, पुढच्या महिन्यात ऑफिसतर्फे बार्सिलोना आणि मग तोक्योला जायचंय. समुद्रफेस, तुम्ही फोनवर नक्की काय काय सांगितलंत ते लिहाल का? 'व्हेज' म्हटलं की लोकांना काय कळतं ते तुमच्या पहिल्या हॉटेलात दिसलंच.

समुद्रफेस

@शाकाहारी_मुसाफिर अगदी सविस्तर लिहितो, कारण माझ्या आईला जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या आईला होऊ नये.

स्पेनमध्ये नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. बऱ्याच वेटरच्या मनात मांस म्हणजे मटणाचा तुकडा, हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे त्यात येत नाहीत, भाजीत ते सर्रास टाकतात, क्रोकेतात तर असतातच. तुना म्हणजे तर त्यांना सॅलडचा भाग वाटतो. तेव्हा एकेक नाव घेऊन सांगायचं : सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून, सिन उएवो (सिन म्हणजे शिवाय; मांस, हामोन, मासा, तुना, अंडं). मग रस्सा : सिन काल्दो दे कार्ने नी पेस्कादो, म्हणजे मांसाचा किंवा माशाचा रस्सा नको. आणि शेवटी तेल वेगळं आहे का ते विचारायचं. तोर्तिया म्हणजे इथलं बटाट्याचं ऑम्लेट, त्यात अंडं असतं, नाव बटाट्याचं असलं तरी.

जपानी बाजूला एकच शब्द लक्षात ठेवा, दाशी. मिसो सूपमध्ये दाशी, नूडल्सच्या पाण्यात दाशी, उकडलेल्या पालकावर दाशी, इनारी सुशीच्या तोफूच्या गोड पिशवीतही बहुतेक वेळा दाशी. तांदूळ, काकडीची सुशी, मीठ घातलेल्या एदामामेच्या शेंगा बिनधास्त. मी त्यांना कोंबूची, म्हणजे नुसत्या समुद्री शेवाळाची दाशी करता येईल का विचारलं होतं, तर म्हणाले आदल्या दिवशी सांगा, करू.

ओसाकाकर

तोक्योसाठी जोड देतो. बौद्ध मठांचं शोजिन र्‍योरी म्हणून जेवण असतं, त्यात मासा-मांस-अंडं नाही, आणि परंपरेनं कांदा-लसूणही नाही, त्यामुळे जैन मंडळींना कंदमुळांचं तेवढं बघावं लागतं. आधी बुकिंग करून ठेवा. आणि एका कागदावर जपानीत लिहून ठेवा, दाखवायला बरं पडतं, तिथला माणूस तोंडावर नाही म्हणायला संकोचतो पण कागद वाचून आत जाऊन विचारून येतो.

भाकरतुकडा

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत थोडं हललंय हे मान्य करतो. बंदरावरून आलं हा मुद्दा पटला. पुण्यातल्या त्या ठिकाणी मला राग आला तो दोन देशांचा नव्हे, कष्ट न घेतल्याचा होता बहुतेक. समुद्रफेस, बिल किती झालं ते लिहिलं नाहीत. अंदाज येऊ द्या.

समुद्रफेस

@भाकरतुकडा तिघांचं ९६ युरो, त्यात बाबांची एक छोटी शेरी (इथली वाइन) आणि तुनाचे चार नग, बिलातला निम्मा भार त्या तुनाचाच. आईचं सगळं मिळून २५ च्या आत. स्वस्त नाही, पण दोन तास उठवलं नाही कुणी.

शेरीचं सांगायचं राहिलंच. आचाऱ्यानं साके म्हणजे जपानी तांदळाची दारू सुचवली नाही, फिनो ही शेरी सुचवली, थंडगार, कोरडी, जरा खारट वासाची. बाबांनी मुरवलेल्या बांगड्याबरोबर घेतली, जपानी शिमे साबा, आधी मिठात आणि मग व्हिनेगरमध्ये. बांगडा कच्चा म्हटल्यावर ते आधी हात मागे घेत होते, रत्नागिरीच्या माणसाला बांगडा तिरफळाशिवाय म्हणजे काय. मी गोठवलेला असतो ते समजावलं. मग एक तुकडा, मग दुसरा. तिसऱ्याला आचाऱ्याला मराठीतच म्हणाले, "मासा ताजा ओळखून घेतलायत तुम्ही." त्यानं मान लववली. काय कळलं असेल ते असो.

मांडवीकाठ

हे वाचून भूक लागली राव. सेव्हियाजवळ कोरिया देल रिओ म्हणून गाव आहे, तिथे शेकडो लोकांचं आडनाव 'हापोन' आहे, म्हणजे जपान. १६१३ ला हासेकुरा त्सुनेनागा नावाचा सामुराई वकिलात घेऊन निघाला होता, त्याच्यातले काही जण तिथेच राहिले, त्यांचे हे वंशज असं गावकरी मानतात. नदीकाठी त्याचा पुतळाही आहे. आई-बाबांना दक्षिणेला नेणार असाल तर बघाच.

समुद्रफेस

@मांडवीकाठ नेतोच! पुढच्या आठवड्यात सेव्हिया आहे, एक दिवस कोरियाला ठेवतो.

त्याआधी शनिवारी दीड वाजताचं टेबल परत त्याच ठिकाणी मिळालंय. कोंबूच्या दाशीचं आजच फोनवर सांगितलं. आईला यावेळी मिसो सूप प्यायचंय, आणि तिनं विचारलंय की त्या आचाऱ्याला आपल्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली तर चालेल का, वांग्यावर घालून बघेल म्हणते. मी म्हटलं दे की.